वरच्या मजल्यावरची झडप

घर घ्यायचं ठरलं तेव्हा मी ह्यांना स्पष्ट सांगितलं होतं, की शहाणी माणसं म्हातारपणी दवाखान्याच्या जवळ राहायला जातात आणि तुम्ही निघालात गायीगुरांच्या जवळ. हे, म्हणजे माझे यजमान, नुसते हसले. सिव्हिल इंजिनिअर माणूस. सगळी नोकरी लंडनबाहेरच्या स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमध्ये आणि आसपास गोदामं बांधण्यात गेली. पत्रा, स्टील, काँक्रीट. "माझं एकही बांधकाम नातवंडांना बघायला मिळणार नाही, आणि नाही मिळालं तेच बरं," असं म्हणायचे. रिटायर झाल्यावर त्यांना टिकलेल्या घरात राहायचं होतं. मग काय, दोन हजार साल उलटलं न उलटलं तोच आम्ही लंडनच्या पिनरमधलं आमचं सेमी, म्हणजे जोडघर, विकलं आणि ऑक्सफर्डच्या अलीकडे एका खेड्यात चारशे वर्षांचं घर घेतलं. बस दिवसातून दोनदा, दुकान एकच, आणि तेही बुधवारी दुपारी बंद.

राहायला आम्ही तिघं. हे, मी आणि सासूबाई. सासरे गेल्यावर पुण्याची जागा बंद करून त्या कायमच्या आमच्याकडे आल्या होत्या. त्यांना तीन मुलगे. थोरले दोघे साठी गाठायच्या आत गेले, एक हार्टनं आणि एक अपघातात. हे धाकटे, तेवढेच उरलेले. सासूबाई त्याबद्दल कधी अवाक्षर काढायच्या नाहीत. पण ह्यांना घरी यायला जरा उशीर झाला, की खिडकीशी जाऊन उभ्या राहायच्या आणि मी विचारलं तर म्हणायच्या, "पाऊस बघतेय." आमची मुलगी लग्न होऊन मँचेस्टरला होती, तिथल्या एका हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट.

हे घर लिस्टेड होतं. म्हणजे ऐतिहासिक म्हणून सरकारदरबारी नोंद झालेलं. आपल्याला वाटतं केवढा मान! मान कसला डोंबलाचा? घर तुमचं, पण भिंत हलवायची तर कौन्सिलला विचारा, खिडकीची काच बदलायची तर कौन्सिलला विचारा. डबल ग्लेझिंग नाही. हिवाळ्यात मी आतून कोट घालून पोळ्या लाटायची. सगळा सांगाडा ओकच्या लाकडाचा, वाकड्या खांबांचा. खिळा म्हणून नाही कुठे. खाचेत कूस, म्हणजे लाकडाचं तासलेलं टोक, बसवायची आणि वरून लाकडी खुंटी ठोकायची, बस्स. प्रत्येक सांध्यावर सुतारांनी पटाशीनं खुणा केलेल्या, रोमन आकड्यांसारख्या. त्यांनी म्हणे सगळा सांगाडा आधी आपल्या कामाच्या आवारात जमिनीवर जुळवून बघितला, मग सुटा करून गाडीत घालून इथे आणला आणि खुणा बघून उभा केला. घरी येईल त्याला हे त्या खुणा बोट लावून दाखवायचे. गॅसचं मीटर बघायला आलेला माणूससुद्धा सुटला नाही.

दोन खांबांच्या मधल्या भिंती काठ्या विणून त्यावर माती, शेण आणि पेंढा लिंपलेल्या, वरून चुना. सासूबाईंचं माहेर गुहागरकडचं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका कोपऱ्यात पोपडा सुटलेला बघितला, नखानं जरा उकरलं, आणि कपाळाला हात लावला.

"अगं बाई, हा तर कूड! लंडनचं विटांचं घर विकून कुडाचं घर घेतलंत?"

"आई, ही इंग्लंडची हेरिटेज आहे," हे म्हणाले.

"असेल बाबा. आमच्याकडे ह्या हेरिटेजमध्ये म्हशी बांधायचे."

छप्पर गवताचं, चांगलं हातभर जाड. जिना म्हणाल तर तो दिसायचाच नाही. मोठ्या चुलीच्या शेजारी एक अरुंद दार, कपाटाचं वाटावं असं, ते उघडलं की चुलीच्या धुराड्याला वळसा घालत वर जाणाऱ्या पायऱ्या. एका बाजूला पाऊल मावेल आणि दुसऱ्या बाजूला बोटं, अशा. मी सामान घेऊन कधी चढलेच नाही त्यावरून. हे कमरेत वाकून, डोकं चुकवून चढायचे आणि तरी आठवड्यातून एकदा तरी तुळईवर कपाळमोक्ष व्हायचा.

वरच्या मोठ्या खोलीच्या जमिनीत एक झडप होती. लांबोडकी, लोखंडी कडी लावलेली. कडी ओढून फळ्या उचलल्या, मधला एक वासा खाचेतून काढला, की खालची बैठकीची खोली दिसायची. आम्हाला वाटलं, वा! जिन्यातून जड सामान जाणार नाही म्हणून केलेली सोय. राहायला आलो त्या दिवशी गाद्या, कपाट, ह्यांचं ड्रॉइंगचं टेबल, सगळं दोर लावून तिथूनच वर घेतलं. सासूबाईंचा सागवानी देव्हारा पण. पुण्याहून बोटीनं आलेला, त्यांच्या सासूच्या वेळचा. देव्हारा वर चढताना सासूबाई खाली उभ्या राहून "सांभाळून रे, सांभाळून" म्हणत होत्या, आणि तो टेकल्यावर त्यांनी मला गूळ-खोबरं वाटायला लावलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाई केक घेऊन आल्या. फार गोड बाई. चहा घेता घेता त्यांनी वर बघितलं आणि हरखून म्हणाल्या, "अय्या, तुमचं कॉफिन ड्रॉप अजून शाबूत आहे!" पूर्वी लोक वरच्या खोलीत मरायचे, आणि त्या वळणाच्या जिन्यातून पेटी खाली नेता यायची नाही. म्हणून बांधतानाच ही वाट ठेवायचे. मयत खाली उतरवायची. बाईंना ते फार इंटरेस्टिंग वाटत होतं. सासूबाईंना इंग्रजी बेताचं, पण कॉफिन हा शब्द कळायला कुणाला इंग्रजी लागतं?

बाई जाईपर्यंत त्या गप्प बसल्या. मग ह्यांच्यावर अशा काही उखडल्या! देवाला मढ्याच्या वाटेनं चढवलंस, इंजिनिअर ना तू, एवढं विचारता आलं नाही का कुणाला? हे हसत सुटले आणि त्यामुळे प्रकरण आणखी चिघळलं. शेवटी त्यांनी मला वर पाठवून सगळे देव तबकात घालून जिन्यानं खाली आणायला लावले, त्यांना अभिषेक केला आणि आपल्या खोलीत एका शिसवी पाटावर मांडले. देव्हारा वरच राहिला, कारण खाली आणायचा तर पुन्हा त्याच वाटेनं. त्यात ह्यांनी नकाशे ठेवले. त्या दिवसापासून सासूबाई बैठकीच्या खोलीत त्या झडपेच्या बरोबर खाली कधी पाऊल ठेवायच्या नाहीत. चहाचा कप हातात असला तरी वळसा घालून जायच्या. आम्ही त्यांना चिडवायचो.

अशी काही वर्षं बरी गेली. मग ह्यांच्या हातातून पेन्सिल गळायला लागली.

मोटर न्यूरॉन म्हणतात त्याला. स्नायूंकडे जाणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात, आणि डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहतं. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी त्यांच्या टेबलावरच्या टिश्यूच्या खोक्याकडे बघत होते. दाताचं इंजेक्शन घेतल्यावर ओठ असतो, पण आपला वाटत नाही, तसं मला सगळं अंग वाटलं. मला वाटलं, उतरेल हे संध्याकाळपर्यंत. नाही उतरलं. मी स्वयंपाक करत होते, नर्सेसना चहा देत होते, ह्यांना भरवत होते, पुसत होते, आणि आत काही म्हणजे काही हलत नव्हतं. मुलगी फोनवर रडायची तेव्हा मी कानाला फोन लावून भांडी विसळायची. लोक म्हणायचे, किती खंबीर आहेस. खंबीर कसली, मेली बधिर झाले होते मी.

बाथरूम वरती, खाली सासूबाईंच्या खोलीपाशी नुसता छोटासा संडास, ह्यांची खोलीही वरती, म्हणून हे वरच राहिले. आणि आम्हाला वाटलं होतं त्याच्यापेक्षा ते दुखणं फार भराभर चढलं. कालपर्यंत धरून धरून जिना उतरणारा माणूस, दिवाळीनंतर एकदा वर गेला तो गेलाच. हात गेले, पाय गेले, मान धरवेना. अँब्युलन्सची दोन माणसं एकदा खुर्ची घेऊन आली होती. वळणावर खुर्ची वळेना, आणि नुसतं उचलून न्यावं तर मान लटकते आणि श्वास अडतो. बिचारी घामाघूम होऊन सॉरी म्हणत परत गेली. जिन्याला लिफ्टची खुर्ची बसत नव्हती. खाली मागच्या बाजूला बाथरूम बांधायची तर परवानगी. कौन्सिलकडून जुन्या घरांची देखरेख करणारी एक मुलगी आली होती. वाईट नव्हती ती. ह्यांच्या पलंगाशी बसून तिनं तुळया बघितल्या, ह्यांच्याशी सांध्यांवर बोलली, आणि जाताना जिन्याच्या दाराशी मला म्हणाली, की अर्ज करा, पण निर्णयाला महिने लागतात. ह्यांच्याकडे तेवढे महिने नव्हते. तिला पण ते दिसत होतं, कारण गाडीत बसेपर्यंत तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

आता खरी गंमत ऐका, गंमत म्हणायची तर. सासूबाईंचे गुडघे कामातून गेलेले. त्यांना तो जिना चढता येत नव्हता. आणि ह्यांना उतरता येत नव्हता. मायलेक एकाच घरात, मध्ये फक्त ओकच्या फळ्या, आणि दोघांनी अख्खा हिवाळा एकमेकांचं तोंड बघितलं नाही. सुरुवातीला सासूबाई खालून हाका मारायच्या, हे वरून ओ द्यायचे. मग ह्यांचा आवाज बसला. शब्द एकमेकांत कालवल्यासारखे यायचे, ते मला आणि मुलीलाच कळायचे. मुलगी आली, की तिच्या डिजिटल कॅमेऱ्यात बाबांचे फोटो काढून खाली आजीला दाखवायची. सासूबाई त्या एवढ्याशा पडद्यावर बोट ठेवायच्या आणि विचारायच्या, "हा कुणाचा म्हणालीस?"

वसंतात छपराची शाकारणी करायचे लोक आले. आढ्यावरचं गवत बदलायचं होतं, ते ह्यांनीच आजारपणाच्या आधी ठरवलेलं. आठवडाभर डोक्यावर धप्पधप्प आवाज येत होते आणि हे डोळे मिटून ऐकत होते. काम संपल्यावर मला म्हणाले, म्हणजे मी जोडून जोडून लावलं ते असं, "मला घर बाहेरून बघायचंय."

मी म्हटलं, फोटो काढून आणते.

"फोटो नको. घर."

एवढ्या दुखण्यात त्या माणसानं दुसरं काही मागितलं नव्हतं. इंजेक्शन मागितलं नाही, देव मागितला नाही. पुढच्या दिवशी त्यांनीच तोड सांगितली. झडप. वर एक मोठी तुळई बरोबर झडपेवरून जाते. तिला पट्टा गुंडाळायचा, पट्ट्याला साखळीची कप्पी अडकवायची, उंच पाठीची खुर्ची, खुर्चीला बांधलेला माणूस. हळूहळू खाली. सगळा हिशेब त्यांनी डोक्यात केला होता. आणि एक खिळा ठोकायचा नाही, एक फळी कापायची नाही, म्हणजे कौन्सिलला विचारायलाच नको! हे सांगताना त्यांचे डोळे असे चमकले, की मला पिनरच्या घरातले, चाळिशीतले हे दिसले.

मुलगी म्हणाली, ती मानेचा पट्टा आणि बांधणं बघेल. गावातला सुतार तयार झाला. घरी येणाऱ्या थेरपिस्टबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी हे ऐकलेलंच नाही." इथल्या माणसाकडून एवढी परवानगी पुष्कळ झाली.

राहिल्या सासूबाई. त्यांना मी बेतानं सांगणार होते, पण त्या घरात काही लपून राहत नाही, वर शिंकलं तरी खाली कळतं. मी खाली आले तर त्या बैठकीच्या खोलीत, त्या झडपेच्या खाली नाही, पण तिच्याकडे तोंड करून उभ्या.

"त्या वाटेनं नाही," त्या म्हणाल्या.

"आई, दुसरी वाट नाही."

"मग राहू दे वर. ती मेलेल्यांची वाट आहे. जिवंत माणूस तिथून उतरवलात तर तो उतरला म्हणजे गेलाच. तूच सांगतेस का यमाला, की घे बाबा, सामान बांधून ठेवलंय?"

माझं डोकं सणकलं. "आई, तो माणूस तसाही चाललाय! तुम्हाला दिसत नाही, कारण तुम्ही कॅमेऱ्यातून बघता. त्याला एकदा बाहेरून घर बघायचंय. आणि तुम्हाला नाही बघायचं त्याला? हिवाळा सरला, तोंड बघितलंय का मुलाचं?"

"नको मला," त्या म्हणाल्या. "मी मेल्यावर काय ते करा."

वर जाऊन मी ह्यांना सांगितलं. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, आई नको म्हणते तर नको. आणि भिंतीकडे डोळे वळवले, कारण मान वळवता येत नव्हती. मला दोघांचाही भयंकर राग आला. त्या घरात आलेल्या आजाराचा आला नव्हता तेवढा. राग आला ते बरंच वाटलं, काहीतरी आलं एकदाचं. पण तोही दोन दिवसांत विझला आणि मी पुन्हा आपली भांडी, चादरी, औषधं.

सुताराला नको म्हणून सांगायचं राहून गेलं. रविवारी सकाळी तो कप्पी आणि साखळी घेऊन दारात हजर. मुलगी आदल्या दिवशीच आलेली. मी त्याला चहा देऊन परत पाठवणार, एवढ्यात सासूबाई आपल्या खोलीतून बाहेर आल्या. नऊवारी नेसून. इथे आल्यापासून त्यांनी नऊवारी फक्त सणाला नेसली होती, एरवी गोल साडी, वर स्वेटर. कासोटा नीट घातलेला, पायात लोकरी मोजे, कपाळाला अंगारा.

"मला वर ने," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"मी आधी उतरते त्या वाटेनं. माझ्यामागून तो."

त्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. शांत. भाजी निवडायला सांगावी तसं सांगत होत्या. "घरात मोठं कोण? मी. आधी कोणी जायचं? मी. थोरल्या दोघांनी रांग मोडली, तेव्हा मी जवळ नव्हते. ह्याला मोडू द्यायची नाही. त्या वाटेनं आधी माझी पाळी लागू दे, म्हणजे त्याची माझ्यानंतर. बघत काय उभी राहिलीस, दार उघड जिन्याचं."

"आजी, तुझे गुडघे," मुलगी म्हणाली.

"गुडघे गेले खड्ड्यात."

त्या पायरीवर बसल्या, पाठ वरच्या बाजूला करून. दोन्ही हात वरच्या पायरीवर टेकायचे, ढुंगण उचलायचं, ठेवायचं. लहान मूल जिना उतरतं त्याच्या उलट. मी खालून पाय धरले होते, मुलगी वरून काखेत हात घालून. वळणावर त्यांचा श्वास लागला, डोळे पांढरे झाले असं मला वाटलं. मी म्हटलं, आई, पुरे. त्यांनी मला गप्प बस अशी खूण केली. सुतार बिचारा खाली टोपी हातात घेऊन उभा. त्याला काय कळत होतं कुणास ठाऊक.

खोलीत शिरल्या आणि त्यांनी ह्यांना बघितलं. काय उरलं होतं बघायला? हाडं आणि डोळे. मला वाटलं, आता कोसळतात. त्या पलंगाच्या कडेला बसल्या, ह्यांच्या गालावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "जेवत नाहीस का रे तू?"

ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते हसत पण होते. मुलगी खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. मी म्हटलं, चला, सुतार खोळंबलाय. मला खरंच तेवढंच दिसत होतं, की सुतार खोळंबलाय आणि मागे आमटी गॅसवर आहे.

झडप उघडली. मधला वासा काढला. तुळईला पट्टा लावला, साखळी सोडली. झडप अरुंद, म्हणून सुतारानं खुर्चीचे हात काढून टाकले. सासूबाईंना बांधलं. मी खाली येऊन उभी राहिले. वरून ह्यांचा अस्पष्ट आवाज आला आणि मुलीनं मोठ्यांदा सांगितलं, "बाबा म्हणतो, आजी, हात आतमध्ये ठेव, कोपर लागेल!"

छतातून आधी लोकरी मोजे आले. मग नऊवारीचा काठ. मग मांडीवर घट्ट धरलेले हात, आणि मग चेहरा, डोळे गच्च मिटलेले, ओठ हलताहेत. साखळी कट्कट् वाजत होती. खुर्ची टेकली तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"टेकले का मी?"

"टेकलात."

"जमिनीला?"

"हो आई, जमिनीला."

तेव्हा डोळे उघडले. झडपेच्या बरोबर खाली बसल्या होत्या. "बघितलंस ना? तुझ्यासमोर उतरले. तू साक्षी." मी पट्टे सोडले, त्यांना आरामखुर्चीत बसवलं. हात बर्फासारखे झाले होते. खुर्ची रिकामी वर गेली, आणि मग तिच्यात हे आले. मानेला कॉलर, छातीला पट्टे, आणि चेहऱ्यावर एखाद्या नवीन पुलावरून पहिली ट्रेन जाताना इंजिनिअरच्या चेहऱ्यावर असेल तसं काहीतरी. खाली येताना वाशाच्या खाचेकडे, तुळईच्या कापाकडे बघत बघत आले. अर्ध्यात त्यांनी थांबायला सांगितलं. सुतारानं साखळी धरली. हे जमिनीच्या जाडीकडे, दोन मजल्यांच्या मध्ये, टांगलेले, निरखून बघत होते. सासूबाई ओरडल्या, "अरे, तिथे नको थांबूस! उतर!"

बाहेर ऊन होतं. चाकाच्या खुर्चीत घालून त्यांना गवतावर नेलं, फाटकाशी, जिथून अख्खं घर दिसतं. काळे खांब, पांढरा चुना, आणि वर नवीन आढ्याचं पिवळंधमक गवत. हे बघत राहिले. शेजारच्या बाई त्यांच्या कुंपणातून हात हलवत होत्या, त्यांना मी हात हलवला. मुलगी रडत होती, सुतार खोकत होता. मी ह्यांच्या तोंडाशी वाकले, कारण ते काही म्हणत होते.

"डावीकडे किंचित झुकलंय," ते म्हणाले. "सुंदर."

मला काही वाटायला हवं होतं. मी वाट बघितली. काही वाटलं नाही. आमटी लागली असणार, एवढं वाटलं, आणि ती लागलीच होती.

त्यानंतर हे खालीच राहिले, सासूबाईंच्या खोलीत, देवांच्या पाटासमोर. दोन कॉट शेजारी शेजारी. मी शेगडीशी उभी असले की मला सासूबाईंचा आवाज ऐकू यायचा. त्यांच्या माहेरच्या गोष्टी, कुणाची म्हैस हरवली, कुणाचं लग्न मोडलं. एक भात भरवायला मला अर्धा तास लागायचा, सासूबाई दोन तास बसायच्या. रोज सकाळी डोळे उघडले, की आधी ह्यांच्या छातीकडे बघायच्या, आणि ती हलताना दिसली की हात जोडायच्या. आपली तब्येत मात्र त्यांनी सोडूनच दिली होती. गोळ्या उशीखाली सापडायला लागल्या. मी रागावले तर म्हणाल्या, "मला काय करायच्यात आता? माझी पाळी लागलीय."

हे शरदात गेले. दुपारी, जेवणानंतर, आईच्या शेजारी. श्वास लांबत लांबत गेला आणि थांबला. सासूबाई त्या वेळी म्हशीचीच गोष्ट सांगत होत्या, आणि बराच वेळ सांगत राहिल्या. मी दारात उभी होते. मला कळलं होतं. मी त्यांना थांबवलं नाही.

माणसं आली, ह्यांना पुढच्या दारानं घेऊन गेली. दार ठेंगणं, सगळे वाकून गेले. सासूबाई आपल्या कॉटवर बसल्या होत्या, पाय खाली सोडून, शेजारची कॉट मोकळी. मी चादर काढत होते. उशी उचलली, अभ्रा काढला.

"अगं," त्या म्हणाल्या.

"काय आई?"

"मी आधी उतरले होते ना गं?"

"हो. तुम्हीच आधी उतरलात."

"तू बघितलंस ना?"

"बघितलं."

"मग?"

मी उशी हातात घेऊन त्यांच्याशेजारी बसले. त्या माझ्याकडे बघत होत्या, अगदी खरंखुरं विचारल्यासारख्या, आणि मी काहीतरी सांगेन म्हणून थांबल्या होत्या.